धावपट्टी न दिसलेला श्रावण

जरंडेश्वराच्या डोंगरावर ढग टेकले की आमच्या रानात काम करणाऱ्या बायका वर बघून एवढंच म्हणतात, "आज काय उघडीप न्हाई." माझी नजर मात्र ढगाच्या खालच्या कडेवर जाते. ती कडा जमिनीपासून किती वर असेल, पाचशे फूट की आठशे, याचा अंदाज मी न ठरवता बांधायला लागते. परवा सुट्टीवर घरी आले आणि ओट्यावर चहा घेत बसले, तर पुन्हा तेच. आधी डोंगराचा माथा गेला, मग अर्धी कडा गेली, मग खालची झाडं धूसर झाली. घेवड्याच्या शेंगा भरत आल्या होत्या. ओल्या पाल्याचा तो हिरवा, थोडा उग्र वास अंगणापर्यंत येत होता. कोरेगावकडून येणाऱ्या एसटीनं भर दुपारी दिवे लावले होते.

या हवेत आईचा गुडघा दुखायला लागतो. माझ्यात लाज जागी होते. मी विमान चालवते, आता बरीच वर्षं झाली. या कामात भीती वाटते का, असं मला सगळे विचारतात. लाज वाटते का, असं अजून कुणी विचारलेलं नाही.

आमचे आण्णा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि घरची शेती बघायला लागले. थोडं आलं, थोडा घेवडा, विहिरीखालच्या तुकड्यात ऊस. माणूस बोलका. मला नोकरी लागल्यापासून तर त्यांच्या बोलण्याला एकच विषय उरला होता. कोरेगावच्या बाजारात कोथिंबीर घेताना, रहिमतपूरला दात दाखवायला गेले तर दातांच्या डॉक्टरला, एसटीत शेजारी बसलेल्या कुणालाही, "माजी पोरगी विमान चालवती." मला संकोच व्हायचा. म्हणून त्या श्रावणात आई आणि आण्णा पहिल्यांदा विमानात बसणार होते आणि नेमकी मीच त्या विमानावर होते, तेव्हा मी त्यांना दम भरला होता. "आण्णा, विमानात कुणाला काही सांगत बसायचं नाही. शेजारच्याला तर मुळीच नाही."

"न्हाई सांगत," ते म्हणाले होते, "पर तोंडावर दिसलंच तर म्या काय करू?"

त्यांच्या फौजेतल्या एका दोस्ताच्या मुलाचं लग्न होतं. दक्षिणेला, समुद्रकाठच्या एका शहरात. त्यांच्यात श्रावणात लग्नं चालतात, याचं आईला फार नवल वाटलं होतं. तिनं मोतिया रंगाची साडी नेसली होती. आण्णांनी कोट घातला होता आणि पुण्याच्या विमानतळावर तो भर गर्दीत दोनदा काढून झटकला होता. मी त्यांना दुरूनच बघितलं आणि कॉकपिटमध्ये गेले.

ढगातून विमान उतरवणं म्हणजे काय, हे मी आण्णांना एकदा अंगणात काठीनं रेघा ओढून सांगितलं होतं. धावपट्टीजवळच्या यंत्रांकडून आपल्याला दोन न दिसणाऱ्या रेघा मिळतात. एक सांगते, आपण डावीकडं सरकलो की उजवीकडं. दुसरी सांगते, आपण वर आहोत की खाली. दोन्ही धरून चालत राहिलं की बाहेर काही न दिसताही विमान धावपट्टीच्या तोंडाशी येतं. आण्णा बराच वेळ त्या रेघांकडं बघत बसले आणि म्हणाले, "म्हंजी गवंड्याची दोरी आन् ओळंबा."

त्या दिवशी त्या शहरातला ओळंबा बंद होता. देखभालीसाठी वर-खाली सांगणारं यंत्र सेवेत नाही, अशी सूचना आम्हाला निघण्याआधीच मिळाली होती. यात नवल काही नसतं. अशा वेळी कसं उतरायचं याची पद्धत ठरलेली असते. डावं-उजवं दोरीवरून धरायचं, आणि किती मैल उरले की किती उंची हवी, हे कोष्टकावरून मोठ्यानं वाचत पायरी पायरीनं खाली यायचं. फरक एकच. ओळंबा असला की ढगात आणखी खाली जाऊन बघता येतं. तो नसला की वरच एका उंचीवर थांबावं लागतं. तिथून धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर परत वर जायचं. मध्ये तिसरं काही नाही.

हवा वाईट असली की विमान कॅप्टननंच उतरवायचं असतं. कॅप्टन लखनौकडचे होते, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. मी शेजारी सहवैमानिक. त्यांचे डोळे यंत्रांवर, माझे बाहेर. माझं काम उंची वाचायचं आणि धावपट्टी शोधायचं. काचेवरून पाणी आडवं पळत होतं. पुसणाऱ्या काड्यांचा खडखडाट एवढा, की मी स्वतःचा आवाज हेडफोनमधून ऐकत होते. मैल, उंची. मैल, उंची. सगळं कोष्टकाप्रमाणे. खाली समुद्र आहे हे माहीत होतं, पण समुद्र नव्हता. दुधाच्या पातेल्यात डोकं घातल्यासारखं पांढरं होतं.

ती शेवटची उंची आली. मी वाचली.

"दिसतंय?" कॅप्टननी विचारलं.

डावीकडं, खाली, पिवळट उजेडाचा एक पट्टा उमटला आणि पुसला गेला. रस्त्याचे दिवे असतील. बंदरावरचे असतील. धावपट्टीचेही असतील.

"नाही," मी म्हणाले.

इंजिनं गरजली आणि विमान वर निघालं. आम्ही एक मोठा फेरा घेतला, पुन्हा त्या दोरीवर आलो, पुन्हा मैल आणि उंची. या खेपेला तर उजेडही नव्हता. "नाही," मी पुन्हा म्हणाले. यापुढं तिथं घिरट्या घातल्या असत्या तर दुसऱ्या शहरापर्यंत पुरेल एवढं इंधन राहिलं नसतं. कॅप्टननी विमानाचं नाक वळवलं आणि मला म्हणाले, "प्रवाशांना तू सांग, मी खाली टॉवरशी बोलतोय."

मी सांगितलं. खराब हवामान, उतरता आलं नाही, दुसऱ्या विमानतळावर जात आहोत, दिलगिरी. सुरुवातीला नावासकट स्वागत मीच केलं होतं, त्यामुळे आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. एक गोष्ट इथं लिहिते, कारण तीही त्या लाजेतलीच एक. दोन्ही वेळा 'नाही' म्हणताना, आई आणि आण्णा मागं चौदाव्या रांगेत बसले आहेत, हे मला आठवलंसुद्धा नाही. आठवलं ते घोषणा करून माईक ठेवल्यावर.

दुसऱ्या शहरात विमान एका कोपऱ्यात लावलं. इंधन भरायचं, हवेचा अंदाज घ्यायचा, परवानग्या घ्यायच्या. प्रवासी आतच होते. दाराच्या फटीतून मागचा गलका ऐकू यायचा. कुणी ओरडत होतं, एक लहान मूल रडत होतं. केबिनमधल्या मुलीला सांगून आईला पाणी तरी पाठवता आलं असतं. मी नाही पाठवलं. चेहरे बघायचे नव्हते मला. दोन-अडीच तासांनी तिकडचा पाऊस ओसरला आणि आम्ही निघालो. ओळंबा बंदच होता. पुन्हा मैल, पुन्हा उंची. आणि त्या शेवटच्या उंचीच्या थोडं आधीच धावपट्टी समोर आली, ओली, काळी, दोन्ही कडांना दिवे. ती एवढी साधी दिसत होती की मला रडू आलं.

प्रवासी उतरताना मी कॉकपिटच्या दारात उभी राहिले. तशी रीत असते. बरेचजण न बघता गेले. एकानं हातातली छत्री उगाच आपटली. मग एक पन्नाशीचे गृहस्थ आले, डोळे सुजलेले, शर्टाची कॉलर एका बाजूला दुमडलेली. मी नेहमीचं हसले आणि म्हणाले, "आमच्यासोबत प्रवास केल्याबद्दल आभारी आहोत." ते थांबले. माझ्याकडं बघितलं. मग जिन्याकडं वळले. त्यांच्या मागोमाग आण्णा होते. हातात कुणाची तरी बॅग होती, आमची नव्हे. मी ओठ उघडले, तर त्यांनी मान खाली घातली आणि अनोळखी माणसासारखे माझ्यासमोरून निघून गेले. आई थबकली. तिनं माझ्या बाहीला हात लावला आणि काही बोलणार, तेवढ्यात जिन्यावरून आण्णांचा आवाज आला, "चल गं." ती गेली.

मी उरलेल्या लोकांचे आभार मानत राहिले.

कॅप्टन संध्याकाळी हॉटेलच्या गाडीत म्हणाले, "चांगलं केलंस, 'नाही' म्हणालीस ते. मला ते डावीकडचे दिवे दिसल्यासारखे वाटले होते. असल्या दिव्यांमागं गेलं की ते कुठले होते हे दुसऱ्या दिवशी बातमीत कळतं." मी मान हलवली. मला ते शब्द हवे होते, पण ज्या माणसाकडून हवे होते तो मान खाली घालून निघून गेला होता.

त्यानंतरचे दिवस आठवतात ते फोनच्या वाजण्यासारखे. मी फोन केला की आईच उचलायची. "आण्णा कुठंत?" "रानात." रात्री केला तर "झोपलं." गावातून चुलतभावाकडून कळलं, की आण्णा चहाच्या टपरीवर बसायचे बंद झालेत. लग्न कसं झालं, विमान कसं होतं, असं कुणी विचारलं तर "बरं व्हतं" एवढंच म्हणतात. मग मला शंका उरली नाही. आयुष्यभर त्यांनी माझं नाव घेतलं, आणि जेव्हा त्यांनी मला काम करताना बघितलं तेव्हा मला उतरता आलं नाही. मी चुकले नव्हते. नियम, कॅप्टन, हवा, सगळे माझ्या बाजूनं होते. तरी मी त्या पिवळट पट्ट्याकडं रोज रात्री परत जायची. जरा थांबले असते तर? अजून एक क्षण? बरोबर असूनही लाज वाटते तेव्हा तिचं काय करायचं, ते कुणी शिकवत नाही. चूक असती तर कबूल तरी केली असती.

गणपतीत मामानं सांगलीला बोलावलं. अकरावी-बारावीला मी त्याच्याकडं विश्रामबागेत राहिले होते, पहाटे उठून क्लासला सायकल हाणायची. आता त्यांच्या चौकातल्या मंडळानं माझा सत्कार ठेवला होता. मी रिक्षातून उतरले तर समोर फ्लेक्स. माझा गणवेशातला फोटो, वर नेत्यांचे गोल चेहरे, खाली मंडळाच्या पोरांचे. "आकाशाला गवसणी घालणारी आपली लेक." पावसानं फ्लेक्सची एक बाजू सुटली होती आणि वाऱ्यावर माझा अर्धा चेहरा पाठीमागं वळत होता. प्लास्टिकच्या खुर्चीवर मला बसवलं, शाल, नारळ. निवेदक माईकवर म्हणाला, "जिला अपयश माहीतच नाही!" टाळ्या पडल्या. मी मामाला हळूच विचारलं, "आण्णा?"

"न्हाई येत म्हनलं. बैल आजारी हाय म्हनं."

आमच्याकडं बैल नाहीत. विकून किती वर्षं झाली. मामानं ते बोलल्यावर माझ्याकडं बघितलं नाही आणि मी त्याच्याकडं. शालीची लोकर मानेला टोचत होती. पोरं सेल्फी काढायला आली, मी सगळ्यांबरोबर हसले.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न कळवता गावी गेले.

घेवडा काढायचं चाललं होतं. वेल उपटून दोन दिवस वाळवलेले, शेंगा वाजायला लागलेल्या. घराजवळच्या खळ्यावर ताडपत्री पसरून आण्णा काठीनं ढीग झोडपत होते आणि आई सुपानं पाखडत होती. लाल पट्ट्यांचे दाणे खाली सांडत होते, त्यांचा बारीक टपटप आवाज. मला बघून आण्णांची काठी एकदा हवेत थांबली, मग पुन्हा चालू झाली. मी चपला काढून ताडपत्रीवर बसले आणि फुटायच्या राहिलेल्या शेंगा हातानं सोलायला लागले. आई मधूनमधून सूप थांबवून आण्णांकडं बघायची.

शेवटी तिनं सूप खाली ठेवलं. "सांगा की तिला आता. का म्या सांगू?"

"काम करू दे," आण्णा म्हणाले.

"आवं, पोरगी वाळत चाललीया. ती काय समजून बसलीया ठावं हाय का तुमास्नी? तिला वाटतंय तुमाला तिची लाज वाटती."

आण्णांनी काठी ठेवली. ताडपत्रीच्या कडेला उकिडवे बसले, माझ्याकडं पाठ करून, आणि डोंगराकडं तोंड करून बोलायला लागले.

"शेजारी एक मानूस बसला व्हता. बेळगावकडचा. लय चांगला. तुजा आवाज आला सुरवातीला, तुजं नाव ऐकलं, आन् मला हसू आलं. त्यो म्हनला, ओळखीची हाय काय? तू सांगू नको म्हनली व्हतीस. म्या नुसता हसलो. मग त्यानं सांगितलं, त्याचा बाप तिथल्या दवाखान्यात हाय, शेवटचं चाललंय, म्हनून निघालाय. म्या त्याला म्हनलं, काळजी करू नका, वेळंत पोचताय. म्या म्हनलं!"

आई शेंगा निवडत होती.

"मग विमान वर गेलं. एकदा. दुसऱ्यांदा. तू बोललीस, की उतरता येत न्हाई. मागनं एकजन म्हनला, बाई चालवतीया, मग दुसरं काय व्हनार. चार मानसं हसली. आन् ह्यो शेजारचा माज्याकडं वळला. त्याचं तोंड असं झालं व्हतं... म्हनला, तुमी मगाशी हसला हुता तिचं नाव ऐकून. तुमच्या ओळखीची हाय न्हवं? म्या म्हनलं, न्हाई."

मी सोलत होते ती शेंग हातातच राहिली.

"म्हनलं, न्हाई ओ, आमचा काय संबंध न्हाई. फौजेत नोकरी केली म्या. बर्फात उभा राहिलो, गोळीखाली झोपलो. आन् त्या चार मानसांच्या हसन्यासमोर माजी दातखीळ बसली."

"म्या बी गप बसले," आई म्हणाली. "खिडकीकडं तोंड करून बसले. म्या काय लय मोठी."

"फुडं ऐक," आण्णा म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली गेला होता. "खाली थांबलो व्हतो न्हवं, दुसऱ्या गावात, तिथं त्याला फोन आला. बाप गेला. त्यो काय बोलला न्हाई. फोन ठेवला आन् माज्या खांद्यावर डोकं टेकून रडला. लय वेळ रडला. म्या त्याच्या पाठीवरनं हात फिरवत व्हतो. आन् मनात एकच... ह्यो कुनाच्या खांद्यावर रडतोय हे त्याला ठावं न्हाई. कळलं असतं तर ठेवलं असतं का डोकं? म्या खोटं बोलून त्याचं रडनं घेतलं. उतरताना त्याची बॅग घेतली. तू दारात व्हतीस. त्यो फुडं. तुला बोललो असतो तर त्याला कळलं असतं. म्हनून मान खाली घातली. तवापासनं ती वर येईना, बघ."

मी उठले आणि बांधापर्यंत चालत गेले. आल्याचं रान पलीकडं हिरवंगार उभं होतं. ते सुजलेले डोळे मला आता कळले. त्या माणसासमोर मी दात दाखवून उभी होते आणि आमच्यासोबत प्रवास केल्याबद्दल आभार मानत होते. मी 'हो' म्हणाले असते तर ते गृहस्थ अडीच-तीन तास आधी पोचले असते. कदाचित वडिलांचा हात धरता आला असता. किंवा कदाचित आम्ही त्या पिवळ्या उजेडाच्या मागं जाऊन दीडशे माणसांसकट बंदरात पडलो असतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि त्यांतली एक निवडून मोकळं होता येत नव्हतं. मला आण्णांचा राग यायला हवा होता. आला नाही. आला तो स्वतःचाच, की एवढे दिवस मी फक्त माझ्याच लाजेभोवती फिरत बसले. त्या विमानात माझ्याहून जास्त काहीतरी हरवलेला एक माणूस होता, आणि त्याचं नावही आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं.

परत आले तेव्हा आण्णा तसेच बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसले.

"एक इच्यारू?" ते म्हणाले. "तुला खरंच काय दिसलं न्हवतं?"

हा प्रश्न मला कॅप्टननी विचारला होता. नंतर अहवाल घेणाऱ्यांनीही विचारला होता, आणि तिथं मी खणखणीत उत्तर दिलं होतं. आण्णांसमोर ते तसं देता आलं नाही.

"उजेड दिसला होता, आण्णा. डावीकडं. धावपट्टी नाही दिसली."

त्यांनी विचार केला. अंगणातल्या त्या रेघा बघताना केला होता तसा.

"मग न्हाईच म्हनायचं," ते म्हणाले. "तुजं न्हाई खरं व्हतं. माजं खोटं." मी त्यांचं खोटं लहान करायला काही बोलले नाही, आणि त्यांनीही माझं खरं मोठं केलं नाही.

आजही धावपट्टी दिसली नाही की मी वर जा म्हणते. फक्त वर जाताना, इंजिनांच्या त्या गरजण्यात, मागच्या कुठल्या तरी रांगेत एक माणूस घड्याळाकडं बघत असेल, हे आता मला आठवतं. ते आठवल्यानं माझं उत्तर बदलत नाही. पण उत्तर दिल्यावर मी प्रवाशांशी बोलते तेव्हा आता कागदावरचं वाचत नाही.

त्या दिवशी खळ्यावर आम्ही तिघं तसेच बसलो होतो, आणि जरंडेश्वराकडून आभाळ आलं. आई ओरडली, "आवं, घेवडा!" आम्ही धावलो. झोडपलेले दाणे गोळा करून मधे ओढले आणि दुसरी ताडपत्री वरून टाकली. वारा तिच्यात शिरून ती फुगवत होता. आई दगड आणत होती, दोन कोपरे दाबले, पण पुढं हाताशी दगड सापडेनात आणि थेंब जाड पडायला लागले. आण्णा तिसऱ्या कोपऱ्यावर स्वतःच बसले, मांडी घालून, डोक्यावर काही न घेता. मी समोरच्या, चौथ्या कोपऱ्यावर जाऊन बसले. दोघंही भिजत राहिलो.